दिपोटी ते केंद्रप्रमुख : मुख्याध्यापकाच्या पाठीशी कोण?

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगाला जे निवेदन सादर केले, त्याचा उल्लेख आपल्याकडे बहुधा एकाच कारणासाठी होतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी त्यात आहे. निवेदनाखाली फुल्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद अशी दिली आहे. मला मात्र या निवेदनातला एक छोटा, फारसा न वाचला जाणारा परिच्छेद महत्त्वाचा वाटत आला आहे. तो शाळांवरील देखरेखीविषयी आहे.

फुले म्हणतात ते थोडक्यात असे : डेप्युटी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा शाळेत येतो, त्याचा फारसा उपयोग होत नाही. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी तपासणी व्हावी, आणि तीही अधूनमधून आगाऊ वर्दी न देता. जिल्ह्यातल्या आणि गावच्या मुलकी अधिकाऱ्यांवर ते काम सोपवून भागणार नाही, कारण त्यांच्यामागे इतर कामांचा एवढा बोजा असतो की शाळेत यायला त्यांना सवड होत नाही; आलेच तर परीक्षा वरवरची होते. या शेवटच्या वाक्यातली तारीख झाकून ते आजच्या एखाद्या शिक्षक संघटनेच्या निवेदनात घातले, तर कोणालाही शंका येणार नाही.

गावातली सरकारी शाळा ज्याच्या खांद्यावर चालते, त्या माणसाला घडवण्यासाठी आणि सावरण्यासाठी आपल्या राज्यव्यवस्थेने गेल्या पावणेदोनशे वर्षांत काय केले, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे. हेडमास्तर, मुख्याध्यापक, प्रभारी अशी त्या माणसाची नावे बदलत गेली. त्याच्याकडे येणाऱ्या साहेबाचीही बदलली : दिपोटी, एओ, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख. नावे बदलताना काम बदलले का, एवढाच माझा प्रश्न आहे.

खाते जन्माला येते

सरकारी शिक्षण खात्याचा पाया १८५४च्या वुडच्या खलित्याने घातला. प्रत्येक प्रांतात शिक्षण खाते, त्यावर एक संचालक आणि त्याच्या हाताखाली निरीक्षक, अशी रचना त्यात सांगितली होती. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये सी. जे. अर्स्किन पहिले संचालक झाले. त्याआधी १८४० पासून बोर्ड ऑफ एज्युकेशन होते. शिक्षक तयार करण्याचा नॉर्मल वर्ग १८४५ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपवला गेला, तो या बोर्डाच्याच काळात. म्हणजे शिक्षक घडवण्याचा विचार खात्याहून जुना आहे. खाते आले आणि त्याच्या जोडीला मोजणीही आली.

मोजणीला कारण होते. १८६३ पासून मुंबई इलाख्यात जमीन महसुलावर रुपयामागे एक आणा लोकल फंड गोळा होऊ लागला आणि त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणासाठी ठेवला गेला. १८६९च्या कायद्याने त्याला पक्के रूप दिले. या पैशातून खेडोपाडी शाळा निघाल्या. सरकारी शाळा वाढल्या, तसा त्या खरोखर चालतात की नाही हे पाहणारा माणूस लागला. तो माणूस म्हणजे डेप्युटी इन्स्पेक्टर. खेड्यातल्या जिभेने त्याचा ‘दिपोटी’ केला. मास्तरांची बदली, बढती, पगारवाढ, सारे त्याच्या अहवालावर अवलंबून असे.

या काळात खात्याने मास्तरांना केवळ धाकात ठेवले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून मास्तर तयार होत होते. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वर्षाचे ‘ट्रेंड’ मास्तर हा दर्जा गावात सांगण्यासारखा असे. मोठ्या शाळेचा हेडमास्तर व्हायला हीच शिडी होती. दुसरा आधार कागदाचा होता. मराठी ‘शालापत्रक’ हे खात्याचे मासिक आधी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आणि पुढे विष्णुशास्त्र्यांनी संपादित केले. आडगावच्या मास्तराला दर महिन्याला काहीतरी वाचायला मिळावे, या हेतूने सरकारी पैशातून चाललेले हे मासिक १८७५ मध्ये बंद झाले. निबंधमालाकारांच्या चरित्रात या घटनेला एखादी ओळ मिळते. खेड्यातल्या एकट्या मास्तराच्या बाजूने पाहिले, तर महिन्याला एकदा शाळेत येणारा आणि काहीही न तपासणारा असा तो एकच पाहुणा होता.

फुल्यांची दुहेरी मागणी

आता फुल्यांकडे परत जाऊ. तपासणी वाढवा, न सांगता या, असे ते का म्हणतात? कारण त्यांच्यासमोर शाळेतला मास्तर होता तसाच शाळेबाहेर बसवलेला मुलगाही होता. बहुसंख्य शिक्षक ब्राह्मण आहेत, शेतकऱ्यांच्या मुलांशी ते मिसळत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण त्याच निवेदनात आहे. अशा शाळेत अवचित येणारा साहेब हे महार-मांगांच्या आणि कुणब्यांच्या पोरांना संरक्षण होते. तपासणीच्या धाकाला आज आपण सरसकट वाईट म्हणतो, तेव्हा ही बाजू विसरतो.

पण त्याच निवेदनात दुसरी मागणी आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत. त्यांना किमान १२ रुपये पगार द्यावा, मोठ्या गावांत १५ ते २०. शिवाय गावचे हिशेब तपासणे, दस्तनोंदणी, टपाल, स्टँपविक्री अशी कामे त्यांच्याकडे द्यावीत, म्हणजे गावात त्यांचे वजन वाढेल. मास्तराला गावात उभे राहायला जागा हवी, हे फुल्यांनी ओळखले होते. शाळेचा प्रमुख म्हणून काम करायचे तर अध्यापनाच्या पलीकडची एक पत लागते आणि ती राज्याने मिळवून द्यायला हवी, हा त्या मागणीचा अर्थ.

पुढच्या इतिहासात पहिली मागणी राज्याने उचलली आणि वाढवली. दुसरीचे मात्र उलटेच झाले. गावची कामे मास्तराकडे आली. जनगणना आली, मतदारयाद्या आल्या. फुल्यांनी ती पत वाढवण्यासाठी आणि मोबदल्यासह मागितली होती. आली ती वेठीसारखी.

दोन धन्यांचा चाकर

१८८४च्या कायद्याने जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे आली. शाळा बोर्डाच्या, तपासणी खात्याची, अशी वाटणी झाली. १९२३च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने अधिकार स्थानिक संस्थांकडे आणखी सरकले. स्कूल बोर्ड आणि त्याचा ‘एओ’, म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह ऑफिसर, हे शब्द मराठी शिक्षकाच्या बोलण्यात रुळले ते तेव्हापासून. बाळासाहेब खेरांच्या काळात १९४७चा मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा झाला. पुढे राज्य झाले तेव्हा मराठवाड्यातून निजामी राजवटीची आणि विदर्भातून मध्य प्रांत-वऱ्हाडाची शिक्षणव्यवस्था त्यात येऊन मिळाली. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून झालेला जिल्हा परिषद कायदा १ मे १९६२ रोजी अमलात आला आणि ग्रामीण प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे गेल्या. तालुक्याला पंचायत समिती, तिच्यात शिक्षण विस्तार अधिकारी आणि त्याच्या हद्दीतल्या शाळांचे ‘बीट’. बीट हा शब्द पोलीस आणि वन खात्यातही तसाच चालतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या साऱ्या घडामोडींचा शाळेच्या कपाटात एक साक्षीदार असतो, तो म्हणजे शेरेबुक. शाळेत आलेला प्रत्येक अधिकारी त्यात शेरा लिहून जातो. पश्चिम महाराष्ट्रातल्या काही जुन्या शाळांमध्ये मुख्याध्यापकांच्या परवानगीने मला ही बुके वाचायला मिळाली. राजवट बदलते, शाई बदलते, सहीखालचा हुद्दा बदलतो. शेऱ्याचा साचा फारसा बदलत नाही. पट किती, हजर किती, दप्तर अद्ययावत आहे की नाही, भिंतीला चुना आहे की नाही, वाचन समाधानकारक की सुधारणेस वाव. शेवटी सूचना आणि पूर्तता अहवाल पाठवण्याचा आदेश. साहेबाने एखादा पाठ स्वतः घेऊन दाखवला, पाच वर्गांना एकटा मास्तर कसा पुरा पडेल याची जोडणी बसवून दिली, अशा नोंदीही आहेत. त्या वाचताना थांबायला होते, कारण त्या क्वचितच भेटतात.

व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तला (१९५५) तरुण मास्तर आपल्याला वाङ्मयाच्या वाटेने ओळखीचा आहे. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वस्तीवरची ती एकशिक्षकी शाळा. वस्तीचा विश्वास मिळेपर्यंत तिथे मूल येत नाही, आणि विश्वास मिळाल्यावर मास्तर लोकांकडून तालीम बांधून घेतो. पट मिळवणे, गाव जोडणे, माणसे कामाला लावणे ही शाळाप्रमुखाची कामे आहेत, आणि ती कोणत्याही ट्रेनिंग कॉलेजात शिकवली जात नव्हती. ज्याला जमली त्याला जमली. ज्याला जमली नाहीत, त्याच्या नावावर शेरा पडला.

जे. पी. नाईकांनी सांगितलेली वाट

हा प्रश्न व्यवस्थेचा आहे, हे सर्वांत स्पष्टपणे मांडले ते एका मराठी माणसाने. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीत १९०७ मध्ये जन्मलेले जे. पी. नाईक स्वातंत्र्य चळवळीत तुरुंगात गेले, धारवाडजवळच्या उप्पिन बेटगेरीत राहून त्यांनी ग्रामशिक्षणाचे काम केले आणि पुढे चित्रा नाईकांसह गारगोटीच्या मौनी विद्यापीठात खपले. १९६४ ते १९६६च्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते.

आयोगाच्या अहवालातल्या दोन शिफारशी इथे महत्त्वाच्या आहेत. पहिली, प्रशासन आणि पर्यवेक्षण यांची फारकत करा. पगारबिले, बदल्या, मान्यता पाहणारा माणूस वेगळा ठेवा आणि शिकवण्यात मदत करणारा वेगळा. एकाच माणसाकडे दोन्ही कामे दिली की तातडीचे काम महत्त्वाच्या कामाला गिळते. दुसरी शिफारस शाळा संकुलाची. जवळपासच्या लहान प्राथमिक शाळा एका उच्च प्राथमिक शाळेशी आणि त्या एका माध्यमिक शाळेशी जोडायच्या. मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापकाने लहान शाळांना हात द्यायचा. ग्रंथालय, प्रयोगशाळा, चांगला शिक्षक यांची वाटणी करायची आणि खात्याने आपले काही अधिकार या संकुलाला द्यायचे. प्रत्येक शाळेचे एकाकीपण मोडणे, हा त्यामागचा उद्देश आयोगाने सांगितला होता.

या रचनेत आधार वरून येत नाही, शेजारून येतो. हेडमास्तरला घडवायचे तर दुसऱ्या, अधिक अनुभवी हेडमास्तरच्या सोबतीने, हे त्यातले मर्म. नाईक स्वतः खेड्यात राहिलेले असल्यामुळे त्यांना हे सुचले असावे, असा माझा तर्क आहे. पाच-सात कोसांवरच्या शाळेतल्या माणसाला काय माहीत आहे, हे तालुक्याच्या साहेबाला ठाऊक नसते. शेजारच्या मास्तराला असते.

महाराष्ट्रात संस्था पुष्कळ झाल्या. पुण्याची राज्य शिक्षणशास्त्र संस्था १९६४ची. १९८४ मध्ये तिची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद झाली. १९८६च्या राष्ट्रीय धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत ‘डाएट’ आली. अधिकारी आणि मुख्याध्यापक यांच्या प्रशिक्षणासाठी औरंगाबादेत ‘मिपा’ सुरू झाली. दिल्लीच्या राष्ट्रीय शैक्षणिक नियोजन व प्रशासन विद्यापीठात २०१२ मध्ये शाळानेतृत्वासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. प्रशिक्षणाला माणूस येतो, चार दिवस राहतो, पुस्तिका घेऊन परत जातो. परतल्यावर त्याच्या शेजारी कोण उभे राहणार, हा प्रश्न उरतो.

४८६० केंद्रे

त्या प्रश्नाचे उत्तर द्यायचा महाराष्ट्राचा सर्वांत मोठा प्रयत्न १९९४चा. १४ नोव्हेंबर १९९४च्या शासन निर्णयाने केंद्रप्रमुखाचे पद निर्माण झाले. साधारण दहा-बारा शाळांचे एक केंद्र, मध्यभागी केंद्रशाळा आणि तिथे बसणारा, शिक्षकांतूनच आलेला केंद्रप्रमुख. राज्यभर अशी ४८६० केंद्रे झाली. त्याच सुमारास औरंगाबाद, लातूर, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी या पाच जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. महिन्याला शिक्षकांनी केंद्रशाळेत जमायचे, एकाने पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी त्यावर बोलायचे.

कल्पना कोठारी आयोगाच्या संकुलाची धाकटी बहीण म्हणावी अशी होती. दहा-बारा शाळा हा आकडाही शहाणपणाचा. एवढ्या शाळांत महिन्यातून एकदा निवांत बसता येते. फुल्यांची तीन महिन्यांची मागणी इथे एका महिन्यावर आली होती.

पण केंद्रप्रमुखाचे काम दोन्हीकडून ओढले गेले. तालुक्याहून शाळेकडे जाणारा आणि शाळेकडून तालुक्याला येणारा प्रत्येक कागद त्याच्याच हातून जाऊ लागला. शालेय पोषण आहाराचा तांदूळ, गणवेशाचे माप, शिष्यवृत्तीच्या याद्या, यू-डायसचे तक्ते आणि २०१५ पासून ‘सरल’. भ्रमणध्वनीवर गट आल्यापासून माहिती ‘आज दुपारी दोनपर्यंत’ मागवली जाते. ज्याने शिक्षकाशेजारी बसायचे तो टपालवाला झाला. यात केंद्रप्रमुखांचा दोष शोधणे व्यर्थ आहे. नाईकांनी सांगितलेली फारकत न करता नवे पद निर्माण केले की ते जुन्या पदासारखे वागू लागते.

त्यात पदेही रिकामी राहिली. २०२३ मध्ये राज्य परीक्षा परिषदेने विभागीय परीक्षेसाठी काढलेल्या एकाच जाहिरातीत केंद्रप्रमुखांची २३८४ पदे होती. एकूण ४८६० लक्षात घेतली की या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. रिकाम्या केंद्राचा कार्यभार जवळच्या मुख्याध्यापकाकडे किंवा ज्येष्ठ शिक्षकाकडे जातो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शाळेतला एक माणूस कमी होतो.

मुख्याध्यापकाचीही तीच गत. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत पट १५०च्या वर असेल तरच स्वतंत्र मुख्याध्यापक; सहावी ते आठवीला ही मर्यादा १००. आपल्या ग्रामीण शाळांत द्विशिक्षकी शाळा पुष्कळ. तिथे दोघांतला एक ‘प्रभारी’ असतो. तो दोन-तीन वर्ग शिकवतो, शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतो, आहाराची नोंद ठेवतो आणि सरपंचाशी बोलतो. त्याला या पदाचे वेगळे शिक्षण नाही, वेळही नाही. शासनाच्या पत्रव्यवहारात मात्र तो मुख्याध्यापकच असतो.

तरीही याच रचनेत काही ठिकाणी वेगळे घडले. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटचे नाव दहा वर्षांपूर्वी राज्यभर झाले. तिथे शिक्षण विस्तार अधिकारी आणि शिक्षक यांनी एकत्र बसून वर्गाची मांडणीच बदलली. मुले जमिनीवर, साहित्याभोवती, एकमेकांकडून शिकू लागली. राज्यभरातले शिक्षक ते पाहायला गेले. २२ जून २०१५च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या निर्णयामागे या अनुभवाचा मोठा वाटा होता. माझ्या लेखी कुमठ्याचा धडा अध्यापनपद्धतीपुरता नाही. बीट तेच, पद तेच, पगार तोच; पण तपासायला येणारी व्यक्ती शिकायला बसली. राज्याने त्यातली पद्धत उचलली आणि परिपत्रकाने पसरवली. ते बसणे परिपत्रकात मावणारे नव्हते.

संकुल आणि समूह

२०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने शाळा संकुलाची कल्पना पुन्हा मांडली आहे. एक माध्यमिक शाळा आणि तिच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरातल्या खालच्या वर्गांच्या शाळा, अशी ती रचना. १९६४-६६च्या आयोगाची ही सूचना अमलात आली नाही, असे त्या धोरणातच म्हटले आहे. सरकारी दस्तऐवजात अशी स्पष्ट कबुली विरळा.

मात्र २०२३ मध्ये आपल्या राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळे’चा प्रस्ताव आला. लहान शाळांतली मुले वाहनाने एका मोठ्या शाळेत आणायची, तिथे सर्व सोयी द्यायच्या. संकुल आणि समूह हे शब्द इतके सारखे आहेत की चर्चेत ते एकमेकांच्या जागी वापरले जातात. इतिहास वाचणाऱ्याने तरी हा घोळ करू नये. संकुलात शाळा जागेवर राहते आणि मदत तिच्याकडे चालत येते. समूह शाळेत मदत जागेवर राहते आणि सहा वर्षांचे मूल तिच्याकडे जाते. पहिल्या रचनेत वस्तीवरच्या मास्तराला साथ मिळते. दुसऱ्या रचनेत त्या मास्तराचाच प्रश्न मिटवला जातो. पावसाळ्यात ओढा भरला, गाडी आली नाही, तर आधी घरी राहतील त्या मुली, हे सांगायला आयोग नेमावा लागत नाही.

लहान शाळा एकाकी आहे, तिथे दर्जा राखणे अवघड आहे, हे प्रस्ताव मांडणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. कोठारी आयोगानेही एकाकीपणाचेच निदान केले होते. उपाय मात्र वेगळा सांगितला होता, आणि तो आपण पूर्णपणे करून पाहिलेला नाही. ४८६० केंद्रांवर माणसे भरा, त्यांच्याकडून कागद काढून दुसऱ्याकडे द्या, गोपनीय अहवाल लिहिणारा आणि पाठाला शेजारी बसणारा हे दोघे वेगळे ठेवा. प्रभारीला प्रभारी म्हणून तरी शिकवा. यात नवे असे काही नाही. निम्मे १८८२ मध्ये मागितले गेले आहे, उरलेले १९६६ मध्ये.

फुल्यांच्या मुलाला तपासणारा साहेब हवा होता, आजही हवा आहे. ज्या शाळेत मूल शिकत नाही, तिथे न सांगता कोणीतरी गेलेच पाहिजे. पण तो जाऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी त्या शाळेत कोण जाणार, हे आपल्या व्यवस्थेने कधी ठरवले नाही. शेरेबुकात शेऱ्याखाली पूर्ततेसाठी जागा सोडलेली असते. ती भरायचे काम आजवर आपण एकट्या मास्तरावर ठेवले आहे.